बासष्ट ठोके

"कुमुदकाकू, गोळी घेतलीत ना?" शेजारच्या भास्करने सभागृहाच्या दारातच विचारलं.

"एक नाही, दोन घेतल्या."

राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची ही यंदाची पहिली चाचणी. भाषण ऐकताना लोकांची नाडी जितकी उसळेल, तितके उमेदवाराला गुण. मनगटावरच्या पट्ट्याला राग आणि प्रेम यांतला फरक कळत नसे. त्यामुळे नरोटेसाहेबांना त्यांचे हाडवैरीच दर खेपेला भरघोस गुणांनी निवडून देत. मागच्या वेळी काकूंनी त्यांना उभं राहून शिव्या घातल्या आणि एकटीने चाळीस गुण मिळवून दिले. काकूंचा मुलगा मिहिर नरोट्यांनी बांधलेला पूल कोसळून त्याखाली गेला होता. यंदा नाडी मंदावणाऱ्या गोळ्या घ्यायच्या, असं आळीने ठरवलं होतं.

साहेब मंचावर आले आणि त्यांनी हुंदका आवरला. "त्या पुलावर हुतात्मा झालेला आपला लाडका मिहिर..."

भास्करने घाबरून काकूंचा पट्टा पाहिला. बासष्ट. साहेबांनी नाव पुन्हा घेतलं, तरी बासष्टच.

"जिंकलात काकू! एक गुण नाही मिळाला मेल्याला!"

काकूंचं लक्ष नव्हतं. त्या मिहिरचं नाव स्वतःशीच पुटपुटून पाहत होत्या. एकदा, दोनदा, मग जरा मोठ्याने. पट्टा बासष्टवरून हलेना.