कपाखालचा कागद

"तो कप उचल," हेमलताताई म्हणाल्या.

न्यू जर्सीतल्या त्यांच्या डायनिंग टेबलावर विमा एजंट कौस्तुभने मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, औषधांच्या प्लॅनचे पाच कागद मांडले होते. चार कागदांचं कौतुक तो अर्धा तास करत होता. पाचव्यावर, बशी नव्हती म्हणून, त्याने चहाचा कप ठेवला होता.

"काकू, तो तुमच्या कामाचा नाही."

त्यांनी स्वतःच कप उचलला. ओला गोल डाग पदराने टिपून त्यांनी यादीत आपली सातही औषधं शोधली. सगळी होती. हप्ताही सर्वांत कमी होता.

"याच्यावर तुला कमिशन किती?"

कौस्तुभ कानापर्यंत लाल झाला. "काहीच नाही. कंपनीने यंदापासून बंद केलं."

"मग हाच घेते. भर फॉर्म."

त्याने पेन काढलं. "पण तुम्हाला कळलं कसं?"

"सांगलीत एकतीस वर्षं विमा विकलाय मी. कमी कमिशनच्या कागदावर माझाही कप असायचा." त्यांनी झोकात सही ठोकली. "म्हणूनच आज तुला बशी दिली नाही."