दोन वाजताची खूण

"गुरजी, बाई उठी नही ऱ्हायनी."

दिवलीबाई वर्गाच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. चार वाजून गेले होते. भाईदास मास्तर फळा पुसत होते आणि समोरचे चार शिक्षक वह्या आवरत होते. हातातलं फडकं तसंच घेऊन मास्तर शाळेमागच्या आपल्या घराकडे धावले.

त्यांच्या पत्नी वत्सलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. हात गार होता. डॉक्टर आले, त्यांनी पापण्या उचलून बघितल्या.

"जाऊन तासभर झाला असेल," ते म्हणाले. "शुद्ध त्याआधीच हरपली असणार. दुपारी कळवलं असतं तर काही करता आलं असतं."

ते वर्ष अडुसष्टचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर मुंबईला राहून गणकयंत्राला आज्ञा कशा लिहून द्यायच्या ते शिकून आले होते. तळोद्यात यंत्र नव्हतं. येण्याची शक्यताही नव्हती. तरी दर रविवारी ते आसपासच्या शिक्षकांना त्याचे पहिले धडे देत. यंत्राच्या जागी ते दिवलीबाईला उभं करत. ती शाळेत झाडलोट करायची. वाचायला तिला मास्तरांनीच शिकवलं होतं. शिकलेला माणूस न सांगितलेलंही आपल्या मनाने करून टाकतो, म्हणून शिक्षकांना यंत्र होणं जमत नसे. दिवलीबाईला जमायचं.

पहिल्या रविवारी नवापूरच्या पौलसने तिला आज्ञा दिली, "तांब्यातलं पाणी पेल्यात ओत." ती ओतू लागली. पेला भरला. पाणी टेबलावर आलं, तिथून पौलसच्या वहीवर.

"अगं बाई, दिसत नाही का तुला? डोकं कुठे आहे तुझं?"

"डोकं घर ठेई उनू, साहेब. गुरजीनी तसंच सांगेल शे."

सगळे हसले. मास्तरांनी विचारलं, "थांब असं कुणी सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग चूक कुणाची?"

"सांगणाऱ्याची."

"यंत्राची?"

"मुळीच नाही."

मास्तरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांनी उतरवून घेतलं.

वत्सलाबाई गेल्या त्या रविवारी त्यांच्या विषमज्वराचा नववा दिवस होता. मास्तरांनी रविवारचा वर्ग बंद ठेवला नाही. शिक्षक लांबून येतात, पौलस तर आदल्या दिवशीच निघतो, असं ते म्हणाले. दिवलीबाईला त्यांनी बायकोजवळ बसवलं, गजराचं घड्याळ समोर ठेवलं आणि एक कागद दिला. दर दोन तासांनी एक चमचा औषध द्यावं. झोपली असेल तर उठवू नये. प्रत्येक वेळी काय झालं त्याची खूण करावी. वर्गात सांगतो तसंच, म्हणाले. वत्सलाबाई पडल्या पडल्या हसल्या. "मी आता तुमच्या वहीतलं गणित झाले," त्या म्हणाल्या. त्यांचं तेच शेवटचं बोलणं.

संध्याकाळी कळसाडीहून त्यांचा भाऊ सुपडू आला. तिने चारदा बघितलं होतं हे ऐकून त्याने दिवलीबाईच्या हातातली पेन्सिल हिसकून फेकली.

"चार डाव देखी तू, आनि कोनले सांगी नही? तुले अक्कल शे का नही?"

ती मास्तरांकडे बघत राहिली. "गुरजी, तुम्ही सांगा ना यास्ले."

अंगणात सगळी गल्ली जमली होती. मास्तरांनी मान खाली घातली. रडताहेत असं लोकांना वाटलं, आणि ते रडतही होते. सुपडू म्हणाला, "जिजाजी, अडाणी बाईच्या भरवशावर सोडलीत माझी बहीण." दुसऱ्या दिवशी सुपडू हेडमास्तरांना भेटला आणि दिवलीबाईचं काम गेलं.

बाईंचा तेरावा झाला. पुढच्या रविवारी वर्ग पुन्हा भरला. तांब्या आणि पेला कपाटातच राहिले. वर्ग संपल्यावर बाकीचे गेले, पौलस मात्र बाकावर बसून राहिला. बराच वेळ तो वहीच्या सुकून फुगलेल्या पानांशी चाळा करत होता.

"मास्तर, त्या दिवशी दोन वाजता दिवलीबाई आली होती. मी दाराजवळच होतो."

मास्तर खडू डबीत भरत होते.

"गुरजी, एवढंच म्हणाली. तुम्ही फळ्याकडेच तोंड करून म्हणालात, कागद बघ. आम्ही हसलो. मीही हसलो."

मास्तरांनी डबीचं झाकण लावलं. "पुढच्या खेपेला नवी वही आणा," ते म्हणाले. पौलस उठून गेला.

मग मास्तरांनी टेबलाच्या खणातून कागद काढला. चार खुणा होत्या. दहा, बारा, दोन, चार. प्रत्येकीपुढे दिवलीबाईने वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, झोपेत. दोनच्या खुणेपाशी पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता. वर मास्तरांच्या अक्षरातल्या चार ओळी. तीन औषधाच्या. त्याच्या आधीच्या रविवारी घरी थांबलेली दिवलीबाई दूधवाला आला, सरपण संपलं असं सांगायला तीनदा वर्गात आली होती, म्हणून त्यांनी चौथी ओळ लिहून तिच्याखाली रेघ मारली होती. वर्ग संपेपर्यंत मला बोलावू नये.

दिवलीबाई अक्कलकुव्याच्या पलीकडे, डोंगरात आपल्या पाड्यावर परत गेली आहे. शाळेने दुसरी बाई ठेवली. कागद अजून खणातच आहे. सुपडू भेटेल त्याला सांगतो की अडाणी बाईमुळे माझी बहीण गेली. त्याला खरं सांगायचं राहिलं आहे.