चौकीदाराची वही

मुलीने पिशवीतून दुसरी वही काढली तसा इंजिनिअर खुर्चीतून उठला, खिडकी लावली आणि लगेच पुन्हा उघडली.

"काका, बसा ना," मुलगी म्हणाली. "दोनच प्रश्न राहिलेत."

ती बंद पडलेल्या रेडिओ केंद्राचा इतिहास लिहीत होती. केंद्राला टाळं लागून बारा वर्षं झाली होती, मनोरा भंगारात गेला होता, आणि काही सांगू शकतील अशी दोनच माणसं उरली होती. ती दोघं एकाच घरात राहतात, हे तिच्या पथ्यावर पडलं. हा गावाबाहेरचा ट्रान्समीटर सांभाळणारा, आणि त्याची बायको गावातल्या स्टुडिओत बसणारी निवेदिका. सकाळपासून निवेदिकाच बोलत होती. आवाज अजून खणखणीत होता.

"एकदा मी स्वतःची गोष्ट वाचली होती," ती मघाशी हसत म्हणाली होती. "दुपारी तीन ते साडेतीन. चार महिने खपून लिहिलेली. इतर कार्यक्रमांना पोतंभर पत्रं यायची, आणि माझ्या गोष्टीला एक पोस्टकार्ड नाही. म्हटलं, हे आपलं काम नव्हे. तेव्हापासून दुसऱ्यांचंच वाचलं. श्रोता एकच मिळाला, 'छान होती' म्हणणारा. त्याच्याशी लग्न करून टाकलं."

त्या वेळी इंजिनिअरही हसला होता. आता त्याला बसवत नव्हतं. ट्रान्समीटरच्या फाटकावरच्या चौकीदाराने वही ठेवली होती हेच त्याला माहीत नव्हतं.

"हे रजिस्टर तुमच्या हातचं," मुलगी म्हणाली. "दर तासाला मीटरचे काटे बघून आकडे लिहायचे, बरोबर?"

"एक तास चुकला नाही यांचा," निवेदिका म्हणाली. "अक्षर तरी बघ!"

अक्षर सुरेखच होतं. काटे वर्षानुवर्षं एकाच जागी उभे असत. म्हणून तो कामावर आला की पहिल्या दहा मिनिटांतच अख्ख्या पाळीचे आकडे एकटाकी लिहून मोकळा व्हायचा. सगळेच तसं करायचे. कुणाचं काही बिघडत नसे.

"आणि ही चौकीदाराची फाटकावरची वही. त्यांच्या मुलाने दिली." मुलीने एका ओळीवर बोट ठेवलं. "यात लिहिलंय, 'दोन चाळीस, साहेब बाहेर गेले. दोन पंचावन्न, वीज गेली. जनरेटर चालू होईना. तीन चाळीस, साहेब आले, मशीन चालू.' पण तुमच्या रजिस्टरमध्ये तीनचे आकडे अगदी व्यवस्थित आहेत. वीज नसताना काटे कसे काय…"

"चौकीदार काहीही लिहायचा," इंजिनिअर म्हणाला. "त्याचं घड्याळ मागे असायचं." तो पाणी प्यायला वळला. तांब्या रिकामा निघाला, तरी त्याने तो पेल्यात ओतून पाहिला.

"तारीख काय आहे?" निवेदिकेने विचारलं.

मुलीने तारीख वाचली.

निवेदिकेला ती तारीख पाठ होती; तिने गोष्ट वाचली तो दिवस. तिच्या कानांवर हेडफोन होते त्या दुपारी, आणि त्यांत तिचा आवाज तिला स्वच्छ ऐकू येत होता. स्टुडिओतले दिवेही लागलेले होते. ट्रान्समीटर बंद पडला तर ते तिला कळायचं कसं? लोकांनी फोन केले नाहीत, त्यात नवल नव्हतं. घरातला रेडिओ गप्प झाला की माणूस आधी रेडिओलाच थापट्या मारतो.

"कुठे गेला होतात हो तुम्ही?"

थाप मारायची तर हीच वेळ होती. पण चौतीस वर्षं एक थाप सांभाळून तो दमला होता.

"केस कापायला," तो म्हणाला. "संध्याकाळी स्टुडिओत येऊन तुला लग्नाचं विचारणार होतो. म्हटलं, जरा माणसात दिसावं. तासाभराचा तर प्रश्न होता. परत आलो तर सगळं थंड. तुला सांगायलाच निघालो होतो, आईशप्पथ. पण तू दारातच विचारलंस, ऐकलीत का? आणि तुझा चेहरा…"

"म्हणून छान होती म्हणालात."

"हो."

"शेवट तर फारच आवडला म्हणालात."

रिकामा पेला त्याने टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला ठेवला. मुलगी वही मिटून पिशवीत टाकायला लागली. "काकू, हे मी गाळते. इतिहासात असं काय…"

"गाळायचं कशाला?" निवेदिका म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, तरी ती ताठ बसली. एकही पत्र का आलं नाही, हे तिला आज कळलं होतं. लोकांनी तिची गोष्ट नाकारली नव्हती. चौतीस वर्षं तिने उगाच स्वतःला कमी लेखलं होतं, आणि ते शेजारी बसून बघणाऱ्याने एका शब्दाने थांबवलं नव्हतं.

"आता मला वाचून दाखव ना," इंजिनिअर हलकेच म्हणाला. "मी ऐकतो."

ती त्याच्याकडे वळलीच नाही. तिने मुलीसमोरचा कागद नीट सरळ केला आणि बातम्या वाचायच्या त्या संथ, स्पष्ट आवाजात सांगायला सुरुवात केली.

"लिही. त्या दिवशी दुपारी तीन ते साडेतीन, एक कथा. लेखन आणि वाचन, निवेदिका. ऐकणारे, कोणीही नाही."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघतेस?" निवेदिका म्हणाली. "कोणीही नाही, म्हटलं ना मी!"