पाटीवरचं दुसरं नाव

"ओ आजोबा, नावं कोरायला हा काय गड आहे? लाज नाही वाटत?" मंगळावरच्या पहिल्या पावलाच्या ठशापाशी गाईड मुरली खेकसला. हेल्मेटच्या रेडिओवर सगळे पर्यटक फिदीफिदी हसले.

म्हाताऱ्याने तिथल्या स्मारकाच्या पाटीवर टेकवलेला खिळा बाजूला घेतला. "चुकलं बाबा."

तक्रार लिहायला मुरलीने त्याचा पास ओढला. दत्ताराम चोडणकर! पाटीवर हेच नाव होतं, मंगळावर उतरलेला पहिला माणूस. त्याखाली आता वेडंवाकडं कोरलं होतं, 'यान उतरवलं इंदू सावेने.'

मुरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं तो एकच नाव सांगत आला होता.

"थांबा, तुम्ही कोण ते सगळ्यांना सांगतो."

"माझं राहू दे. इंदूचं सांग. मला आता निघायला हवं."