सकाळची रिंग

फोन एकदा वाजला आणि गप्प झाला. दैवशालाबाईंनी पिठाचे हात तसेच ठेवून त्याच्याकडे पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

"काकू, उचलला का न्हाई?" विरजण मागायला आलेली शेजारची मोनाली दारातच थबकली.

"उचलायचा नसतो. माझ्या परसादची रिंग हाय ती. पुण्यात उठला, आवरलं, सगळं बराबर हाय, एवढं कळतं मला. रोज देतो."

मोनाली परतूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकत होती आणि शिकलेलं पोटात ठेवणाऱ्यांतली नव्हती. "काकू, रिंग हा मुळात आवाजच हाय बरं का. घंटा वाजली की इंग्रजांच्या कानाला तसं ऐकू आलं, म्हणून रिंग. आपलं टणटण असतं ना, तसं. बोटातली रिंग निराळी, तिचा ह्या आवाजाशी काई संबंध न्हाई."

"आन विहिरीत उतरवतेत ती सिमेंटची?"

"ती बोटातल्यासारखीच. गोल."

"आन इंजिनातली? ती गेली की धूर सुटतो?"

"ती बी गोलच."

"इंग्रजाकडं शब्दांचा दुष्काळच दिसतो की गं," दैवशालाबाई हसल्या. "त्याला काय ऐकू आलं ते त्याचं त्याला ठाव. मला तर त्यात परसादच ऐकू येतो."

"पण मंग बोलत का न्हाई तुमी? आता बोलायला वेगळे पैसे कुठं लागतेत? रिचार्ज मारला की बोला कितीबी." एवढं बोलून मोनाली विरजणाची वाटी घेऊन निघून गेली. तिच्या मनात वाकडं काही नव्हतं.

तव्यावरची भाकरी करपली.

परसाद शिकायला पुण्याला गेला तेव्हा मिनिटामिनिटाला पैसे पडायचे. रिंग देऊन कापायचं, इकडून उचलायचं नाही, हे मायलेकांनी तेव्हाच ठरवलेलं. पुढे त्याला नोकरी लागली, घर झालं, पण रीत मोडली नाही. लेक किती काटकसरी आहे, हे दैवशालाबाई वाटूर गावभर मिरवत आल्या होत्या. आणि आता कळत होतं की बोलणं फुकट होऊन जमाना लोटला, तरी तो बोलत नाही. दिवाळीला दोन दिवस येऊन जायचा, तेवढंच. त्यांना स्वतःच्याच घरात एकदम परकं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तवा ठेवलाच नाही. फोन मांडीवर घेतला आणि हिरव्या बटणावर अंगठा धरून बसल्या. रिंग एवढीशी असते, चुकली की गेली. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आधी जेवणाखाण्याचं विचारायचं. गुडघ्याचं सांगायचं नाही. तुरीचं सांगायचं, तूर चांगली झाली होती.

फोन वाजला. अंगठा दाबला गेला.

"परसाद?"

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला. मग एका बाईचा घाबरलेला आवाज आला. "अगं बाई! आजी, तुम्ही उचलला?"

"कोण बोलतंय? परसाद कुठाय?"

"मी बेबीनंदा. स्वयंपाकाला येते त्यांच्याकडं. साहेब केव्हाच गेले हापिसला. हा त्यांचा जुना फोन, घरीच असतो, तुमच्या रिंगसाठी. त्यांच्या ध्यानात राहत नाही ना सकाळी, म्हणून मला सांगून ठेवलंय. आल्या आल्या आधी आजीला रिंग, मग कुकर."

"कवापासून?"

"मी कामाला लागले तेव्हापासून. तीन वर्षं होतील."

दैवशालाबाई भिंतीला टेकल्या. काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या, "मधी एक दिस रिंग आली न्हवती."

"माझ्या पोरीला ताप होता ओ आजी. अंगाला हात लाववत नव्हता, कशी येणार मी कामाला? साहेबांना सांगू नका तेवढं."

त्या दिवशी दैवशालाबाईंनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. लेकाला सुखरूप ठेव म्हणून मारुतीला नारळ बोलल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी रिंग आल्याबरोबर फोडूनही आल्या होत्या. मारुतीनं तो कुणाच्या नावावर मांडून घेतला, त्यालाच ठाऊक.

"आता कशी हाय पोरगी?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. शाळेत जाते." बेबीनंदाचा आवाज जरा सैल झाला. "आजी, साहेबांना सांगू का, तुम्हाला बोलायचंय म्हणून?"

पलीकडे परसादच्या घरातला नळ वाहत होता, तो दैवशालाबाई ऐकत राहिल्या. ते घर त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

"नको," त्या शेवटी म्हणाल्या. "तू उद्या येणार हाईस ना?"

"येणार की."

"मंग उद्या लगेच कापू नको."