सुजलेली नस

मस्कतच्या हॉस्पिटलात ओमानी डॉक्टर इक्बालच्या उजव्या हातावर थंड जेल लावून सोनोग्राफी करत होते. हल्ली अल मवालेहच्या बाजारात फळांची पेटी उचलताना त्याच हातातून सुटायची.

"ही तर पोटाची मशीन," इक्बाल बायकोला कुजबुजला. "हाताला कशाला?"

काखेजवळ डॉक्टर थांबले. त्यांनी माप घेतलं, परत घेतलं, मग शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. सगळे पडद्यापुढे गोळा झाले.

"बघ खतिजा, यांना केस मिळाली. माझा हात गेला."

"हळू बोला, ऐकतील."

"मराठी कुठे कळते त्यांना?"

डॉक्टर वळले ते चक्क हसत. "मुबारक हो, इक्बालभाई! नस सूज गई है."

खतिजा ताडकन उठली. "नस सुजलीय आणि मुबारक कसलं देता?" हे तिने हिंदीतच विचारलं.

डॉक्टर हिंदीत समजावू लागले, "बहन, अशी पकड सुटली की आम्हाला मुख्य शंका दोन आजारांची. एकात हात हलवणारी नस बारीक होते, आणि माणूस वाचत नाही. दुसऱ्यात ती सुजते. त्यावर माझ्याकडे औषध आहे."