धाकटीचं वय

“वय?” दवाखान्यात नोंदी घेणाऱ्या मुलीने विचारलं, आणि धाकटीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “बासष्ट.”

मुलीचं पेन थांबलं. शेजारच्या खुर्चीत थोरली जाऊ उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसली होती. गेली तीन वर्षं तो हात कंपवाताच्या ताब्यात होता. दोघी जावांचं शिवणाचं दुकान. थोरली कापायची, धाकटी काजं-बटणं करायची. आता कापायचंही धाकटीनेच, आणि थोरलीने शेजारी बसून चुका काढायच्या. हे दुसरं काम ती पहिल्यापेक्षाही मन लावून करायची.

मुलीने समजावून सांगितलं. कंपवाताच्या या अभ्यासात प्रत्येक रुग्णाच्या जोडीला एक निरोगी माणूस लागतो. रक्ताच्या नात्यातला नको, पण बाईला बाईच हवी, आणि दोघींच्या वयात दोन वर्षांहून जास्त फरक नको. थोरली एकोणसत्तरची. बासष्ट चालणार नव्हतं. जोडी जमली नाही तर थोरलीच्या सगळ्या तपासण्या बाजूला पडणार, आणि नोंदणीचा आजचा शेवटचा दिवस.

“एकशे अठरा जोड्या झाल्या,” मुलगी हळहळत म्हणाली, “त्यात बायकांच्या फक्त एकवीस. त्याही शिक्षिका, नाहीतर ऑफिसातल्या. हातकाम करणारी एकही नाही. पुरुषाचा हात थरथरला की घरचे दवाखान्यात आणतात. बाईचा थरथरला की म्हणतात, वय झालं.”

“आम्हाला कोण मोजतंय,” थोरली म्हणाली. म्हणाली हसतच, पण आज तिने ठेवणीतले कपडे काढले होते, आणि आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला तिने सांगितलं होतं की आपला हात आता अभ्यासाच्या कामी येणार. ते धाकटीला आठवलं.

तिने उघड्या दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर तिचा नवरा पिशवी सांभाळत बसला होता. वय वर्षं सहासष्ट. भांडणात काही सुचेनासं झालं की त्याचं एकच पालुपद असायचं, तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी. बिचाऱ्याला काय माहीत. लग्न ठरवताना धाकटीच्या मावशीने तिच्या वयातली सात वर्षं कात्री लावून उडवली होती, आणि धाकटीने बेचाळीस वर्षं ती शिवण उसवू दिली नव्हती.

हा कागद बाहेर कुणी वाचतं का, तिने विचारलं. कागदावर नावच नसतं, नुसता नंबर असतो, मुलगी म्हणाली.

धाकटी उठली आणि दार लावून आली.

“एकोणसत्तर लिहा,” ती म्हणाली. “खरं सांगायचं तर जाऊबाईंपेक्षा चार महिन्यांनी मोठीच आहे मी.”

बोलून टाकलं आणि तिला एकदम हलकं वाटलं. थोरलीकडे बघायची मात्र छाती होईना.

“बोललीस एकदाची,” थोरली म्हणाली. “मला वाटलं, संध्याकाळ करतेस.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“लग्नाच्या वर्षीच. तुझ्या पेटीच्या तळाशी शाळेचा दाखला होता. आणि ही दोन वर्षांची अट मला फोनवरच सांगितली होती. तू खरंच बासष्टची असतीस, तर माझ्या वयाची शेजारीण नसती का आणली?”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“तू थोरली थोरली म्हणून मान देत होतीस,” थोरली म्हणाली. “फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो?”

मुलीने हसू दाबत दोघींपुढे कागद ठेवले. गोल गोल वेटोळं काढायचं होतं. थोरलीने दात आवळून काढलं. रेघ थरथरली, पण शेवटपर्यंत गेली. धाकटीला मात्र हसू आवरेना. तिची रेघ पार भरकटली. दुसरा कागद दिला, तोही वाया गेला.

“निरोगी ती हीच ना?” थोरलीने मुलीला विचारलं. “नीट बघून घ्या हो.”

तिसऱ्या कागदावर एकदाचं वेटोळं जमलं. मुलीने बायकांची बाविसावी जोडी लिहिली आणि दोघींच्या व्यवसायापुढे घातलं, शिवणकाम. थोरलीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

दार उघडलं तर धाकटीचा नवरा समोर उभाच. दार लावून काय चाललं होतं, आणि तपासणीत हसण्यासारखं काय असतं, त्याने विचारलं. दोघी जिन्याकडे निघाल्या, तेव्हा त्याने पिशवी खांद्याला लावली.

“वहिनींचा हात नीट धर,” तो बायकोला म्हणाला. “जिना गुळगुळीत आहे. माझं ऐकत जा जरा, चार पावसाळे जास्त पाहिलेत मी.”

धाकटीने थोरलीचा हात हातात घेतला. हसण्याने आता तिचाही हात हलत होता.

“ऐक हो,” पहिली पायरी उतरताना थोरली तिच्या कानाशी म्हणाली, “लहानांचंही ऐकावं कधी कधी.”